ओघळ उतरवणाऱ्या वहिनी

“सुकू द्या आधी. वल्या जागी हात नोका लावू.”

बोलणं कशाबद्दलही चाललेलं असो, वहिनी फिरून या वाक्यावर यायच्या. आमच्या शेडमधल्या दोन सुतारांचं भांडण झालं आणि तिसरा समजूत काढायला उठला, की त्या कोपऱ्यातून म्हणायच्या, “बसा जी. सुकू द्या आधी.” माझी बहीण सासरी रुसून माझ्याकडे येऊन बसली होती, तेव्हाही त्यांनी मला हेच सांगितलं. मी गप्प राहिलो आणि बहीण आपणहून परत गेली.

वाक्य मूळचं पॉलिशचं. लाकडावर फवारायच्या गननं पॉलिश मारताना हात एका जागी जरा जास्त थांबला, की तिथं माल जास्त बसतो आणि मेणबत्तीच्या मेणासारखा खाली उतरतो. त्याला आम्ही ओघळ म्हणतो. ओला असताना त्याला बोट लावलं तर डाग पसरतो. चांगला वाळून कडक झाला, की मगच तो कापता येतो. वहिनींचं सगळं आयुष्य या एका गोष्टीत गेलं असं मी म्हणणार नाही, पण शेवटची बरीच वर्षं त्यातच गेली.

तुम्ही त्यांना कुठं पाहिलं असतं, तर एक सवय तुमच्या लगेच लक्षात आली असती. लाकूड दिसलं की त्या त्यावर पालथी बोटं फिरवायच्या. बँकेतलं काउंटर, लग्नातली खुर्ची, डॉक्टरांचं टेबल. पालथी का, असं मी विचारलं तर हसून म्हणाल्या, “समोरच्या बोटाईले आता समजतच नाही काही. घासाच्या पेपरनं खाल्ली सारी.” त्यांच्या बोटांची टोकं खरंच गुळगुळीत झाली होती. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी उठायचा नाही.

आमची शेड रिसोडहून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला. पुढे शेठचं फर्निचरचं दुकान, मागे पत्र्याचं छप्पर. एका अंगाला सुतार, एका अंगाला मी. माझं काम गाद्यांचं आणि कुशनचं. अगदी शेवटी प्लास्टिकचे पडदे सोडून केलेली पॉलिशची खोली, आणि त्या खोलीत वहिनींचे यजमान. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत.

मिस्त्री पॉलिशला उभे राहिले की शेडमध्ये कोणी मोठ्यानं बोलत नसे. तोंडाला उपरणं बांधायचं, कंप्रेसर सुरू करायचा, आणि गन अशी फिरवायची की जणू भिंतीवरून कोणी पडदा सरकवतोय. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एकाच वेगानं. झालं की उपरणं सोडून, वाकून, उजेडाच्या रेषेत डोळा धरून पाहायचे. मग एवढंच म्हणायचे, “पाह्य, तोंड दिसते.” खरंच दिसायचं. जवळच्या शिरपूरहून, मालेगावहून लोक येत आणि शेठला सांगत, पलंग कोणाही सुताराचा चालेल, पॉलिश मिस्त्रीच्या हातचं पाहिजे.

वहिनी शेडमध्ये आल्या त्या झाडायला. पॉलिशचा मोठा शत्रू धूळ. सकाळी झाडून, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली नाही, तर ताज्या पॉलिशवर कण चिकटतात. त्या केनवडच्या. भावाचा तिथं भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मेथी, पाण्याच्या पाळ्या यांत वाढलेल्या. एकुलत्या मुलीचं लग्न करून दिलं, ती अकोल्याला गेली, आणि घरात बसून करमेना म्हणून त्या शेडमध्ये यायला लागल्या. पाणी शिंपडण्याची त्यांची पद्धत मळ्यातलीच होती. तांब्यातून ओंजळीत घेऊन, मनगट फिरवून, सगळीकडे सारखं. मिस्त्री घरी अंघोळ, पूजा उरकून मागाहून येत. तोवर पॉलिशची खोली वहिनींच्या ताब्यात.

मी कापूस पिंजायला लवकर यायचो, म्हणून मला दिसलं. आदल्या दिवशी मिस्त्रींनी पॉलिश मारून वाळत ठेवलेल्या कपाटाच्या दारापुढं वहिनी उकिडव्या बसल्या होत्या. दाढीचं पातं दोन्ही हातांच्या चिमटीत आडवं धरून त्या दारावरचा ओघळ तासत होत्या, आंब्याची साल पातळ सोलावी तसा. ओघळ आजूबाजूच्या पॉलिशच्या पातळीला आला, तशी त्यांनी लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि गोल गोल घासायला लागल्या. दुधासारखं पांढरं पाणी निघायचं. ते पुसायचं, आणखी बारीक पेपर घ्यायचा, पुन्हा घासायचं. दार सगळं मळकं, आंधळं झालं. मग जुन्या सुती लुगड्याच्या बोळ्यावर घासायची पेस्ट घेऊन त्यांनी हात चालवायला सुरुवात केली, आणि मळक्या दारातून हळूहळू चमक वर आली. कडेला मात्र त्या ठोकळा बाजूला ठेवून नुसत्या बोटानं घासत. कडेला पॉलिश पातळ असतं, जरा जोर झाला की खालचं लाकूड उघडं पडतं.

“मिस्त्रींनी सांगितलं का?” मी विचारलं.

“हो,” वहिनी म्हणाल्या. मान वर केली नाही.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायको नवऱ्याला हातभार लावते, एवढंच. पुढं पुढं त्या अंधारातच यायला लागल्या. ओघळ वाढले होते. नुसते ओघळच नाही, सपाट जागेवरही पॉलिश संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत बसायला लागलं होतं. वहिनी सगळं घासून काढायच्या. मिस्त्री येईपर्यंत खोली झाडलेली, शिंपडलेली, आणि कालचं काम आरशासारखं. मिस्त्री वाकून, उजेडात डोळा धरून पाहायचे आणि समाधानानं उपरणं बांधायचे.

हातानं घासलेल्या पॉलिशला एक वेगळीच खोली येते. गिऱ्हाइकं आणखी खूश व्हायला लागली. एकदा शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “मिस्त्री, मानसाचं वय वाढते तसा हात बिघडते. तुमचा तं सुधरून राह्यला!”

मिस्त्री लाजल्यासारखे हसले. वहिनी तिथंच झाडत होत्या. त्यांचा झाडू क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

मिस्त्री चहा बशीऐवजी ग्लासात घ्यायला लागले होते, तोही अर्धाच. सदऱ्याची वरची गुंडी वहिनी लावून देत. या गोष्टी आम्ही पाहत होतो, पण दिसत नव्हत्या. काम उत्तम चाललं होतं ना.

एके दिवशी नळाला पाणी आलं नाही. मिस्त्री बिनअंघोळीचे, लवकर आले. पडदा सारून आत गेले तेव्हा वहिनींच्या हातात पातं होतं, आणि समोर पलंगाच्या डोक्याकडची फळी.

“काय करून राह्यली वं?”

“कचरा बसला होता. जराकसा.”

मिस्त्री जवळ गेले. फळीवर हात फिरवला. हाताला पांढरं पाणी लागलं. न तासलेले दोन ओघळ अजून तिथंच होते, चांगले बोटभर लांब. त्यांनी शेजारचा पलंग पाहिला, त्याच्यापुढचं कपाट पाहिलं. पॉलिश करणाऱ्या माणसाला मारलेलं आणि घासलेलं यातला फरक कोणी सांगावा लागत नाही. फक्त त्यानं संशयानं पाहावं लागतं, आणि मिस्त्रींनी आजवर तसं पाहिलं नव्हतं.

“रोज करत असते?”

वहिनींनी पातं पुसून खाली ठेवलं.

“माह्या कामाले हात लावाचा नाही,” मिस्त्री म्हणाले. आवाज चढवला नाही. “झाडाचं, पानी माराचं अन् घरी जाचं.”

त्यानंतर वहिनी झाडायच्या, शिंपडायच्या आणि माझ्या बाजूला येऊन कापसाच्या गाठोड्याशी बसायच्या. घरी मात्र जायच्या नाहीत.

त्याच दिवसांत शिरपूरच्या एका बागायतदाराची झोपाळ्याची फळी आली. नवीन घर बांधलं होतं. आईचे गुडघे गेलेले, तिला खाली बसता येईना, म्हणून पुढच्या खोलीत झोपाळा टांगायचा होता. सागाची, एकसंध, रुंद फळी. तिची गादी माझ्याकडे होती, डाळिंबी रंगाची. वास्तुशांती तोंडावर आलेली.

मिस्त्रींनी फळीवर गन धरली तेव्हा मी प्लास्टिकच्या पडद्यातून पाहत होतो. उजव्या हातात गन आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. तरीही गनचं तोंड पाण्यावरच्या सावलीसारखं हलत होतं.

दुसऱ्या दिवशी फळीच्या कडेला लांब ओघळ उतरलेले होते आणि मधली जागा खडबडीत. मिस्त्रींनी स्वतः पेपर घेतला. हात थरथरत होता, आणि कडेला जोर पडून लाकूड उघडं झालं. त्यांनी पुन्हा गन मारली. पहिल्यापेक्षा वाईट झालं.

शेठ वहिनींकडे आले. “वहिनी, घ्या ना हातात. उद्या पाहाले येतात ते लोकं.”

“त्याईनं नाही म्हटलं.”

“अवो, पन नाव जाईन त्याईचंच!”

“जाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या आणि कापसातल्या सरक्या वेचायला लागल्या.

शेठ गेल्यावर मीही विनवलं. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊ, आज मी हात लावला तं ते या शेडमंधी परत पाय नाही ठेवनार. माह्याशी बोलनार बी नाहीत. मी वळखते त्याईले.” त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा फक्त थकलेला होता.

बागायतदार आले ते आईला घेऊनच. म्हातारीला आपला झोपाळा पाहायचा होता. शेठनी पडदा बाजूला केला. म्हातारीनं मुलाकडे पाहिलं.

“हे काय होय, मिस्त्री?” बागायतदार म्हणाले. “तुमच्या नावावर आलो ना आमी.”

शेठ मध्ये पडले. “माल खराब आला यावेळेस. थिनरमंधीच गडबड हाय, दुसऱ्या दुकानाईतबी हेच...”

“माल चांगला हाय,” मिस्त्री म्हणाले.

ते पुढे आले आणि त्यांनी उजवा हात सगळ्यांच्या समोर धरला. बोटं हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, जशी कोणी जपाची माळ ओढावी.

“माल चांगला हाय. हात खराब झाला. माह्याच्यानं गन धरवत नाही आता.”

म्हातारी पुढं झाली, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन खाली केला आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाबा. बसाले तं फळीच पाह्यजे मले, आरसा कायले पाह्यजे?”

मिस्त्रींना ते जास्तच लागलं. बायकोकडे न पाहता ते म्हणाले, “उतरव वं. तुले येते.”

वहिनी उठल्या. फळीशी गेल्या, पालथ्या बोटांनी ओघळ चाचपला. “आज नाही होत,” त्या बागायतदारांना म्हणाल्या. “अजून वल्लं हाय आतून. उद्या सकायपासून बसते, दिवस बुडाच्या आत देते.”

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नवऱ्यासमोर काम केलं. मिस्त्री स्टुलावर बसले होते. पातं चालत होतं, पांढरं पाणी फळीवरून निथळत होतं.

“अशीच करत होती?”

“हो.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आंधीपासून.”

“मागच्या?”

वहिनींनी पेपर पाण्यात बुडवला. “मागच्या नाही. त्याच्याबी मागच्या.”

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग फळीकडे पाहत म्हणाले, “कडेले दाबू नोको.”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

फळी वेळेवर गेली. वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मिस्त्री आले नाहीत, म्हणून वहिनीही आल्या नाहीत.

अकोल्याला डॉक्टरकडे मी सोबत गेलो. डॉक्टरांनी मिस्त्रींना चालायला लावलं, बोटांनी टेबलावर टकटक करायला लावली, नाव लिहायला लावलं. नावाचं पहिलं अक्षर मोठं होतं आणि पुढची बारीक होत होत शेवटी मुंगीएवढी. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे आणि हे काही आजचं नाही. “दोन-तीन वर्षांचं तरी असणार. आधी आला असतात, तर औषधानं हात बरेच दिवस चालता ठेवला असता. तुम्ही तर हातानं काम करणारी माणसं. कामात फरक जाणवला नाही कोणाला?”

“नाही साहेब,” मिस्त्री म्हणाले. “काम तं चांगलंच येत होतं.”

ते भोळेपणानं बोलले की बायकोला वाचवायला, हे मला आजही सांगता येत नाही. वहिनी डॉक्टरांच्या टेबलाकडे पाहत होत्या. त्यांची बोटं मांडीवर होती, टेबलाला लागली नाहीत.

परतीच्या बसमध्ये मिस्त्रींना झोप लागली. वहिनी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, “भाऊ, हात बरा हाय असं त्याईले वाटत राह्यलं. मीच वाटू देलं.”

“वहिनी, तुम्ही चांगल्यासाठीच केलं.”

“लोकाईनं बोलू नाही म्हनून केलं,” त्या म्हणाल्या. “एखादा पलंग वापस आला असता, तं शेठ बोलले असते. शेठ बोलले असते तं मी दवाखान्यात नेलं असतं. मी एकबी पलंग वापस येऊ नाही देला.”

मालेगाव आलं, तेव्हा मी उतरून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

औषध सुरू झालं. थोडा फरक पडला, पण गन धरण्याइतका नाही. गन आता सुतारच कशीबशी मारायचे आणि ओघळ वहिनी उतरवायच्या. मिस्त्री रोज शेडमध्ये यायचे आणि स्टुलावर बसायचे. पहिले काही महिने सुतारांना काही ना काही सांगायचे. मग सांगणं कमी झालं. चेहऱ्यावरचं हसूही त्या आजारात हळूहळू जातं, तुम्ही असा रुग्ण पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. वहिनी जेवणाच्या सुट्टीत त्यांना घास भरवत, आणि आम्ही पाठ करून बसत असू. पुढं दोघांचंही यायचंच थांबलं. मिस्त्री न्हाणीत पाय घसरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. थंडीत गेले. खांदा द्यायला शेडमधले सगळे होतो.

तेरवी झाल्यावर वहिनी पुन्हा कामावर आल्या. तोवर शेठनी हिंगोलीकडचा नवा कारागीर आणला होता. माणूस भला, हात फार साफ. पॉलिश असं बसवायचा की जणू लाकडावर काच ओतली. चुकून एखादा कण बसलाच, तर त्याच्याकडे घासायचं मशीन होतं, घर्रकन फिरवलं की झालं.

वहिनी सकाळी पेपर पाण्यात भिजवून तयार राहायच्या. नवा कारागीर यायचा, पाहायचा, आणि आदरानं म्हणायचा, “राहू द्या काकू. काही नाही त्यात.” खरंच काही नसायचं. मी त्यांना पाहिलंय, त्या निर्दोष दारावर उजेडात डोळा धरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत काही सापडतंय का ते पाहताना.

एक दिवस त्या शेठकडे गेल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून येत नाही.

“काहून? झाडाले तं या.”

“झाडाले कोनीबी येईन जी.”

शेठनी आग्रह केला, मीही केला. त्यांनी सगळ्यांना हात जोडले, तांब्या पालथा करून ठेवला आणि केनवडला भावाकडे राहायला गेल्या.

त्यानंतर मला त्या एकदाच भेटल्या. केनवडच्या बाजारात, भावाच्या शेजारी, पोत्यावर वांग्यांचा ढीग मांडून बसल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मी बसा म्हणालो. त्यांनी माझ्या बहिणीचं विचारलं, सुतारांचं विचारलं, शेठच्या नातवाचं बारसं झालं का ते विचारलं. मग वांगी पारड्यात टाकता टाकता थांबल्या.

“नवा मानूस कसा मारते गन?”

“चांगला मारतो, वहिनी.”

“ओघळ?”

“नाही येत.”

त्यांनी मान हलवली. एक किडकं वांगं बाजूला काढलं, दुसरं टाकलं.

“त्याईलेबी नोते येत,” त्या म्हणाल्या. “हात चांगला होता तवा एकबी नोता येत. तुमी पाह्यलं ना, भाऊ?”

“पाहिलं ना, वहिनी.”

“पाह्यलं ना?” त्यांनी पुन्हा विचारलं, जणू मी पहिल्यांदा काही बोललोच नव्हतो.

मी पुन्हा हो म्हणालो. तेवढ्यात कोणी भाव विचारला आणि त्या तिकडे वळल्या. माझी पिशवी भावानं भरून दिली. रस्त्यावर रिसोडची बस लागली होती. मी चढलो, खिडकीशी बसलो. पोत्यापुढं आता बरीच गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यांच्या पायांमधून मला नुसती वांगी दिसत होती आणि ती उचलणारे दोन हात.